तक्रार असेल तरच

आश्विन शुद्ध पंचमी. सकाळपासून मी आमच्या जुन्या खोलीतलं कपाट रिकामं करत होते. भिंत पाडून तिथे बिलिंगची खिडकी होणार होती, आणि कपाटात काय काय आहे ते माझ्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं. मुदत संपलेल्या जाड सुया, रक्ताच्या रिकाम्या नळ्या आणि रुग्णांना समजावून सांगायला आणलेलं प्लास्टिकचं हृदय. सुया पांढऱ्या डब्यात, नळ्या लाल पिशवीत. हृदय कशात टाकायचं ते नियमात नव्हतं.

ते हातात धरून उभी होते तेव्हा माईंचा फोन आला. माई म्हणजे दाना ओली या जुन्या गल्लीतल्या मालतीबाई करकरे. त्यांचे यजमान माधवराव आमचे रुग्ण होते. ते गेले, त्यालाही आता काही वर्षं झाली.

“सिस्टर, कामात नाही न? आमच्या नितीनला अॅटॅक येऊन गेला. इथेच छल्ला टाकला. ठीक आहे आता. पण दिल्लीकडचा एक दवाखाना म्हणतो, वरून पेशीपण देऊन टाकू. यांना तुम्ही दिल्या होत्या त्याच. देऊ का? तुम्ही हो म्हणाल तर हो.”

“उद्या सकाळी येते. तोवर काही ठरवू नका,” मी म्हटलं.

संध्याकाळी नितीनने त्या दवाखान्याचं रंगीत पत्रक मोबाइलवर पाठवलं. धावणारा आजोबा, लाल हृदय, आणि खाली एक ओळ: हा उपचार ग्वाल्हेरमध्ये आधीच होऊन गेला आहे, कोणत्याही रुग्णाने तक्रार केलेली नाही.

ग्वाल्हेरमध्ये म्हणजे आमच्याकडे. आणि ज्यांनी तक्रार केली नाही त्यांत त्याचे वडील होते.

माईंनी हो की नाही एवढंच विचारलं होतं. या कामात केस पांढरे करूनही मला ते उत्तर देता येत नव्हतं. का, ते लिहिते.

मी कॅथ लॅबमधली नर्स. मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी सरकवत हृदयाच्या रक्तवाहिन्या जिथे पाहतात आणि उघडतात, ती खोली म्हणजे कॅथ लॅब. जयेंद्रगंजात आमचं ट्रस्टचं छोटं इस्पितळ होतं. अॅटॅक आला की रक्तवाहिनी बंद झालेली असते. ती उघडून आत जाळीचा छल्ला बसवतात, म्हणजे स्टेंट. रक्त पुन्हा वाहतं. पण मधल्या वेळात हृदयाचा जो स्नायू मेला तो मेलाच. तो पुन्हा उभा करता येईल का, हा तेव्हा जगभर चाललेला प्रश्न होता, आणि आमच्या मोठ्या डॉक्टरांनी परवानगी घेऊन त्याचा एक अभ्यास आमच्याकडे आणला.

पद्धत सांगायला सोपी आहे. कंबरेच्या हाडात जाड सुई घालून आतली मज्जा काढायची. प्रयोगशाळेत त्यातून हव्या त्या पेशी वेगळ्या करायच्या. मग रुग्णाला परत टेबलावर घेऊन, बसवलेल्या स्टेंटमध्ये छोटा फुगा फुगवून रक्त थोडा वेळ अडवायचं आणि फुग्याच्या पुढे त्या पेशी सोडायच्या. रुग्णाच्याच पेशी, रुग्णालाच. लोकांना हे फार आवडायचं. घरचंच आहे, काय बिघडणार, असं म्हणायचे.

बिघडू शकतं. नवं काही उगवावं म्हणून सोडलेल्या पेशी कुठे काय उगवतील यावर आपला ताबा नसतो. रक्तवाहिनीचं अस्तर आतून जाड होऊन ती पुन्हा चिंचोळी झाली तर? ठोका चुकायला लागला तर? बाहेरून तेव्हा एवढंच कानावर येत होतं की मोठा धोका दिसत नाही आणि मोठा फायदाही दिसत नाही. म्हणून आमच्या अभ्यासात एक नियम होता. सहा महिन्यांनी प्रत्येकाची पुन्हा अँजिओग्राफी, म्हणजे नळी घालून रंग सोडून रक्तवाहिनीचं चित्र. रुग्ण बरा असो, नसो. घोड्यावर बसून आला तरी.

रुग्णांना बोलावणं, तपासणं, घरी जाऊन चौकशी करणं हे माझं काम. नाना प्रकारचे लोक. भिंडचा एक रिटायर्ड सुभेदार, मिशा कानापर्यंत, कंबरेची सुई पाहून टेबलावरून उठून सरळ स्टँडवर गेला. बायकोने परत आणला. मोरारचा एक टेम्पोवाला होता, रामसेवक. त्याची तक्रार चहापासून सुरू व्हायची. चहा पातळ, पंखा हळू, चादर आखूड, आणि “सिस्टर, यहाँ कुछ चुभता है, लिखो.” मी लिहायची. सगळे त्याला कंटाळले होते. त्याच्या चित्रात स्टेंटच्या तोंडाशीच रक्तवाहिनी चिंचोळी झालेली निघाली. वेळेवर उघडली. तो अजून टेम्पो चालवतो आणि अजून मला पाहिलं की थांबवून काहीतरी तक्रार करतो. पेशींमुळे झालं की त्याच्या बिडीमुळे, ते कोणी सांगू शकत नाही. पण दिसलं, म्हणून उघडलं.

माधवराव करकरे याच्या उलट टोकाला. दाना ओलीत वरच्या मजल्यावर घर. पूर्वज दरबारात कारकून होते. स्वतः माधवराव शाळेत भूगोल शिकवून रिटायर झालेले. या जुन्या मराठी घरांची एक रीत बाहेरच्याला सांगून पटत नाही. ज्याचं फुकट घेतलं त्यात खोट काढायची नाही. पंगतीत आमटी अळणी असली तर मीठ मागायचं नाही. मागितलं तर वाढणाऱ्याचा अपमान. आमचं घर शिपाईगिरीवालं, त्यांचं लेखणीवालं, पण ही रीत दोन्हीकडे एकच. माझे वडील आयुष्यभर अळणी जेवले असतील, आईला कळलं नाही.

अभ्यासातले उपचार फुकट होते. तेव्हा माधवरावांना कधीही विचारा, कसे आहात, उत्तर ठरलेलं. “उत्तम. आपली कृपा.”

कंबरेत सुई चालली असतानाही मी विचारलं होतं, दुखतंय का. घामाने डबडबलेले होते. म्हणाले, “उत्तम चाललंय तुमचं.”

अशा माणसांसाठी माझी एक पद्धत होती. कसे आहात हे विचारायचंच नाही. विचारायचं, “पूर्वी करत होता आणि आता सोडलं, असं काय आहे?” हेही त्यांना न विचारता स्वयंपाकघरात बायकोला विचारायचं, भाजी निवडता निवडता. दुखतं असं माणूस सांगत नाही, पण सोडतो. कोणी जिना सोडतो, कोणी नातवाला उचलणं सोडतो. भाजीला आता मीच जाते हो, असं बायको कौतुकाने सांगते, आणि आपल्याला कळायचं ते कळतं.

मग आमचं इस्पितळ विकलं गेलं. मोठ्या साखळीतल्या एका कंपनीने शहरातली आमच्यासारखी दोन-तीन छोटी इस्पितळं घेतली आणि एक परिपत्रक निघालं. शीर्षक होतं, एकत्रीकरण आणि पुनर्रचना. रक्ततपासणी एका इमारतीत, कॅथ लॅब दुसऱ्या, ट्रेडमिल तिसऱ्या. ट्रेडमिल म्हणजे रुग्णाला पट्ट्यावर चालवून हृदयाचा आलेख काढायचं मशीन. घरी जाऊन चौकशी बंद. ती आता दुसऱ्या शहरातून फोनवर होणार, लिहून दिलेले प्रश्न वाचून. मला आयसीयूत पाठवलं. आणि अभ्यासाच्या नियमांत एकच ओळ बदलली. पुन्हा अँजिओग्राफी सरसकट नको, तक्रार असेल तरच.

वरवर पाहता यात वावगं काही नाही. बऱ्या माणसाच्या अंगात उगाच नळी कशाला घाला? परवानगी देणाऱ्यांनाही ते पटलं. आणि ज्यांनी हे ठरवलं ते दुष्ट नव्हते. त्यांना दाना ओली माहीत नव्हती, एवढंच.

माधवरावांचे सहा महिने भरायच्या सुमारास माई मला जयेंद्रगंजात भाजी घेताना भेटल्या. चेहरा खुललेला.

“आमच्याकडे एक नवल झालंय, सिस्टर. यांनी जन्मात कधी देवापुढे हात जोडले नाहीत. लग्नात सत्यनारायणाला बसले तेवढेच. आणि आता? गल्लीत एक देऊळ सोडत नाहीत. मारुतीपुढे थांबतात, गणपतीपुढे थांबतात, पिंपळाखाली शेंदूर लावलेला दगड आहे न, त्याच्यापुढेसुद्धा. डोळे मिटून उभे राहतात. मी म्हटलं, चला, पेशींनी एवढं तरी केलं.”

हातातली मेथी मी तशीच परत ठेवली.

“घरी येताना थांबतात की घरून निघताना?”

“येताना. निघताना उतार आहे न. येताना बिचारे सगळ्यांना नमस्कार करत येतात.”

दाना ओलीत त्यांच्या घराकडे येताना चढ लागतो. माधवरावांना देव सापडला नव्हता. त्यांची छाती भरून येत होती, आणि रस्त्यात उभं राहायला भल्या माणसाला काहीतरी कारण लागतं.

दुसऱ्या दिवशी मी नव्या व्यवस्थापनातल्या सक्सेना मॅडमकडे गेले. तरुण, हुशार, नीट ऐकून घेणारी बाई.

“फॉलो-अप कॉल में क्या बोला उन्होंने?” तिने संगणकात पाहिलं. “नो कम्प्लेंट. लिखा है, ‘उत्तम’.”

“वो हमेशा यही बोलेंगे. मंदिर-मंदिर रुकते हैं, मैडम. चढाई पर.”

“सिस्टर, मंदिर पर रुकना मैं सिम्प्टम में कैसे डालूँ?”

ती चेष्टा करत नव्हती. तिच्या पडद्यावर छातीत दुखणं, धाप, चक्कर, पायाला सूज अशी घरं होती. नमस्काराला घर नव्हतं. म्हणाली, पेशंटला ओपीडीत आणा, डॉक्टरांपुढे स्वतः बोलू द्या, मी लगेच तारीख देते.

आणलं. मोठे डॉक्टर तेव्हा अजून आमच्याकडेच होते, पण रांग बाहेरच्या जिन्यापर्यंत.

“या माधवराव. कसं काय?”

“उत्तम. आपली कृपा.”

“छातीत काही?”

“छे, छे.”

मला राहवलं नाही. “साहेब, हे देवळांपुढे थांबतात. चढावर. यांना विचारा का थांबतात.”

माधवराव वळून माझ्याकडे पाहत राहिले. रागाने नाही. पंगतीत कोणी मोठ्याने मीठ मागावं तसे. मग हसून म्हणाले, “सिस्टर, देवाचं नाव घेणं हा आता रोग झाला का?”

खोलीतले सगळे हसले. डॉक्टरही हसले. माईही हसल्या, थोड्या अभिमानाने.

डॉक्टरांनी तरीही आलेख काढला. पडल्या पडल्या काढलेला आलेख चांगला आला. चढावरचा त्रास पडून दिसत नाही, हे त्यांनाही माहीत होतं. म्हणून ट्रेडमिल लिहून दिली. जुन्या दिवसांत मी त्यांना हाताला धरून शेजारच्या खोलीत नेलं असतं. पुनर्रचनेत मशीन शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलं होतं आणि तारीख पुढच्या पंधरवड्यातली मिळाली.

जाताना जिन्यात माधवराव मला हळूच म्हणाले, “डॉक्टरांनी एवढं केलं माझ्यासाठी. चारचौघांत त्यांना कमीपणा कसा आणायचा?”

“कमीपणा राहू द्या. दुखतं की नाही?”

“उतरताना नाही,” ते म्हणाले, आणि उतरून गेले.

ट्रेडमिलच्या तारखेआधीच ते गेले. भाजी घेऊन परत येताना, गणपतीपुढे. लोकांना वाटलं नमस्कार चाललाय, म्हणून बराच वेळ कोणी हात लावला नाही. माई आजही सांगतात, देवापुढे गेले, पुण्यवान. मी कधी खोडून काढलं नाही. त्यांना त्याने बरं वाटतं, आणि माझ्याकडे त्याच्या जागी ठेवायला काही नाही.

कारण मला माहीत नाही. पेशींनी त्यांची रक्तवाहिनी आतून भरून टाकली का? की स्टेंट आपणहून बंद झाला? तसं पेशी न दिलेल्यांचंही होतं. की दुसरीकडेच काही झालं? चित्र काढलं असतं तर दिसलं असतं. शवविच्छेदन घरच्यांनी नको म्हटलं, त्यांच्या जागी मीही नको म्हटलं असतं. वर कळवताना एवढंच गेलं की रुग्ण घराजवळ वारला, आधी तक्रार नव्हती, उपचाराशी संबंध दिसत नाही. यातलं एकही वाक्य खोटं नाही. मी वेगळं लिहून दिलं होतं, देवळांसकट. त्यावर विनम्र उत्तर आलं: नोंद घेतली आहे. ती कुठे घेतली ते मी बरेच दिवस विचारत राहिले. मग मोठे डॉक्टर दुसऱ्या शहरी गेले, अभ्यास गुंडाळला गेला, आणि ज्यांना विचारायचं ती माणसंच राहिली नाहीत.

मला सगळ्यात जास्त खुपतं ते हे. उपचार धोक्याचा निघाला असता तर चाललं असतं, त्यासाठीच तर अभ्यास करतात. निर्धोक निघाला असता तर उत्तमच. आमच्याकडे तिसरंच झालं. काहीच कळलं नाही, आणि त्या न कळण्याला लोक निर्धोक म्हणायला लागले. आता ते कोणाच्या तरी रंगीत पत्रकावर छापून आलं आहे. आपल्या देशात हृदयासाठी हा उपचार फक्त परवानगीच्या अभ्यासात देता येतो, विकता येत नाही. पण एका दवाखान्याला बोर्ड लावू नको म्हटलं की पुढच्या चौकात दुसरा लागतो.

माईंचा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी थाटीपुरच्या माझ्या घरून निघाले, ड्यूटीआधी दाना ओलीत पोहोचायचं म्हणून. चढ माझ्याही गुडघ्यांना कळतो. गणपतीच्या देवळाला नवरात्रातली रोषणाई होती.

माईंनी दार उघडलं. डोळे सुजलेले. टेबलावर माझ्यासाठी कप, बशी, चिवडा मांडून तयार.

“नितीन पहाटेच्या गाडीने दिल्लीला गेला, सिस्टर. मी म्हटलं थांब, त्या येताहेत. तर म्हणतो, ताई समोर बसून नाही म्हणतील, मग मला त्यांना नाही कसं म्हणता येईल? बरं नाही दिसणार. जाताना सांगून गेला, चहा घेतल्याशिवाय त्यांना जाऊ देऊ नकोस.”

मी माईंच्याच फोनवरून त्याला लावला. आवाज ताजातवाना होता, मागे गाडीची खडखड.

“अरे ताई. सॉरी हं. आप परेशान मत होइए, मी एकदम बढिया आहे.”

“स्टेशनवर पूल चढलास न? मध्ये किती वेळा थांबलास?”

“एकदाच. म्हणजे दोनदा. फोन आला होता.”

“कोणाचा?”

वडील देवापुढे थांबायचे, मुलगा फोनपुढे.

“नितीन, तुला पेशी नकोत. आधी चित्र हवंय. आग्र्याला उतर, मोठ्या सरकारी इस्पितळात जा, तिथे सांग, चढावर छाती भरते. शब्द हेच वापर.”

“हो ताई. जरूर. तुम्ही चहा घेतला न?”

त्या ‘जरूर’ला काय किंमत आहे ते मला माहीत होतं. पुढे जे झालं ते इथेच सांगून टाकते. तो आग्र्याला उतरला नाही, आणि आम्ही दिल्लीला पोहोचेपर्यंत पेशी देऊन झाल्या होत्या. आज तो दुकानात बसतो, हिंडतो-फिरतो. कसा आहेस विचारलं की म्हणतो, एकदम बढिया. त्यामुळे तो कसा आहे ते मला माहीत नाही. चित्र काढायला अजून गेलेला नाही.

पण त्या सकाळी हे व्हायचं होतं. मी चहा उभ्यानेच घेतला आणि वॉर्डात फोन करून रजा सांगितली. कपाट अर्धं राहिलंय, सुयांचा डबा बंद करून ठेवा, मी आल्यावर बघते. मग माईंना म्हटलं, “लुगडं बदला. पुढच्या गाडीने जायचंय.”

“मी येऊन काय करणार, सिस्टर?”

“तिथला डॉक्टर विचारेल, काही तक्रार? तुमचा मुलगा म्हणेल, काही नाही. तेव्हा आहे म्हणणारं कोणीतरी शेजारी पाहिजे. मी बाहेरची. मला हाकलतील. आईला हाकलणार नाहीत.”

“मला नाही हो जमणार असं बोलायला.”

“गाडीत शिकवते.”

स्टेशनच्या पुलावर गर्दी होती. माई माझ्यापुढे चढत होत्या. अर्ध्यावर गेल्या आणि एकदम थांबल्या, कठड्याला धरून. मी वर जाऊन त्यांचं मनगट धरलं, नाडी पाहायला.

“छातीत होतंय का?”

“नाही हो. गुडघे. फार दुखतात, सिस्टर. कधीपासून दुखताहेत. आणि ही पिशवीपण जड आहे.”

इतक्या वर्षांत त्या घरातून मी ऐकलेली ती पहिली तक्रार. नाडी ठीक होती. मी पिशवी घेतली, त्यांना कठड्याच्या बाजूला केलं, आणि आम्ही वर चढायला लागलो.